मूल बोलतं कसं होतं, आणि शिक्षकाने कुठे थांबावं

तीन वर्षांचं मूल मोठ्या ऐटीत सांगतं, "मी चित्र करलं." घरात सगळे 'केलं' म्हणतात, वर्गातही 'केलं'च कानावर पडतं. मग हे 'करलं' आलं कुठून? 'धरलं', 'पुसलं', 'उचललं', 'ठेवलं' अशी शेकडो रूपं ऐकून मुलाने स्वतःच नियम काढला, की क्रियापदाला 'लं' जोडलं की झालेली गोष्ट सांगता येते. तो नियम त्याने 'कर'ला लावला. 'बाबा जाला', 'ताई येली' हीसुद्धा त्याच कारखान्यातली रूपं. गंमत अशी, की हेच मूल वर्षभरापूर्वी 'केलं' बिनचूक म्हणत असतं, कारण तेव्हा तो शब्द सुटा पाठ झालेला असतो. नियम सापडतो तेव्हा चूक सुरू होते, आणि अपवाद पक्के झाले की आपोआप जाते.

जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने 1958 मध्ये हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. तिने एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला बनावट नाव दिलं, मग तसे दोन प्राणी दाखवले आणि मुलांना वाक्य पुरं करायला सांगितलं. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन लहान मुलांनी सहज केलं. नुसती नक्कल करून हे जमणार नाही. मूल ऐकलेल्यातून व्याकरण उकलून काढत असतं, आणि हे काम मोठ्यांनी शिकवायला घेतलेलं नसतं. मोठ्यांच्या हातात दोन गोष्टी उरतात: मुलाला कच्चा माल कसला मिळतो, आणि ते वापरून पाहायची संधी किती वेळा मिळते. वर्गात पहिली बऱ्यापैकी मिळते. दुसरी फारच कमी.

पहिल्या शब्दाच्या आधीचं वर्ष

ऐकणं जन्माआधीच सुरू होतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आवाज पोचतात, आणि जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज इतरांच्या आवाजातून ओळखतं. पुढचे काही महिने त्याचे कान जगातल्या सगळ्या भाषांना उघडे असतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुतेक कळेनासा झाला होता. इंग्रजीत त्या फरकाने शब्द बदलत नाही, म्हणून मेंदूने तो सोडून दिला. मराठीत 'ताप' आणि 'टाप' हे वेगळे शब्द आहेत, म्हणून मराठी ऐकणाऱ्या बाळाचा कान तो जपून ठेवतो.

बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. बाळाच्या कानावर 'चेंडूकुठेगेला', 'हाचेंडूघे', 'चेंडूदेना' असं सलग पडतं. यातला 'चेंडू' सुटा करायचा कसा? 'चें'नंतर 'डू' हमखास येतो, पण 'डू'नंतर दर वेळी काहीतरी वेगळं येतं. ही मोजदाद बाळ करतं. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. तेवढ्यात कोणती अक्षरं एकत्र येतात हे त्यांनी हेरलं होतं.

यावरून असं वाटेल, की मग मुलाच्या कानाशी दिवसभर काहीतरी लावून ठेवलं की झालं. तसं होत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली आणि पुस्तकं वाचली. काहींना तोच मजकूर पडद्यावर दाखवला. बारा बैठकांनंतर समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. पडदा पाहणारी बाळं जिथे होती तिथेच राहिली. माणूस बाळाच्या नजरेला नजर देतो, ते पाहतं त्या वस्तूचं नाव घेतो, त्याच्या हुंकाराला उत्तर देतो. पडदा यातलं काहीच करत नाही.

सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. खुणांची भाषा पाहत वाढणारी कर्णबधिर बाळं याच सुमारास हातांनी बडबडतात, म्हणजे खुणांचे अर्थहीन तुकडे पुन्हा पुन्हा करतात. भाषेचं यंत्र फक्त घशात नसतं, हे त्यावरून दिसतं. मग साधारण नऊ ते चौदा महिन्यांत येतं बोट दाखवणं. शिक्षकांनी आणि पालकांनी या बोटाला शब्दाइतकाच मान द्यावा. 'मला जे दिसतंय ते तूही बघ' असं अख्खं वाक्य त्या बोटात असतं, आणि त्याच क्षणी मिळालेलं नाव मुलाला चांगलं लागतं, कारण लक्ष आधीच तिथे असतं. मूल मांजराकडे बघत असताना आपण त्याला फुलाचं नाव सांगत बसलो, तर ते वाया जातं.

शब्द, वाक्यं आणि बोबडे बोल

पहिला शब्द वर्षाच्या आसपास, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान पन्नासेक शब्द, दोन वर्षांपर्यंत 'बाबा गेला', 'आणखी पाणी' अशी दोन शब्दांची जोडणी, तीनला तीन-चार शब्दांची वाक्यं आणि 'का'चा भडिमार. हे ठोकताळे आहेत. निरोगी मुलांतही काही महिन्यांचं अंतर सहज पडतं. समजणं नेहमी बोलण्याच्या पुढे असतं. दहा शब्द बोलणाऱ्या मुलाला पन्नास कळत असू शकतात.

शब्दाचा अर्थ एका फटक्यात बसत नाही. चार पायांचं जे दिसेल ते 'भूभू', ही पहिली अटकळ असते आणि ती हळूहळू आकसते. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी 1978 मध्ये बालवाडीतल्या मुलांना एका अनोळखी रंगनामाची ओळख अशी करून दिली: "तो निळा ट्रे नको, हा दुसरा आण." त्या 'दुसऱ्या'च्या जागी नवा शब्द होता. एवढ्याशा प्रसंगातून अनेक मुलांच्या मनात त्या शब्दाची काहीतरी नोंद राहिली, पण नेमका अर्थ बसायला पुष्कळ वेळ लागला. शिक्षकाला यातून दोन गोष्टी उचलता येतात. नवा शब्द ओळखीच्या शब्दाशेजारी ठेवून दिला की पटकन लागतो: "हा डबा गुळगुळीत नाही, खरखरीत आहे." आणि आज ऐकवला म्हणजे आला, असं धरून चालू नये.

उच्चारांचं वेळापत्रक निराळं. प, ब, म लवकर येतात. 'काका'चं 'ताका' आणि 'गाडी'चं 'दाडी' होणं तीन वर्षांपर्यंत नित्याचं. 'रस्ता'चा 'लस्ता' आणि 'बाळ'चं 'बाल' त्याहून उशिरापर्यंत चालतं. र, ळ आणि जोडाक्षरं रेंगाळतात. यात एक मजेशीर पेच आहे. स्वतः 'ताका' म्हणणाऱ्या मुलाला आपण "ताका आले का?" विचारलं, तर ते चिडतं: "ताका नाही, ताका!" कानाला फरक कळतो, जिभेला जमत नसतो. म्हणून मुलाशी बोबडं बोलू नये. त्याला नीट नमुना हवा असतो. पण सावकाश, चढउतार करत, लाडिक सुरात बोलणं वेगळं. ते बाळाचं लक्ष धरून ठेवतं आणि शब्द सुटे करायला मदत करतं. 'भूभू' आणि 'माऊ'सुद्धा चालतात, थोड्या दिवसांनी 'कुत्रा' आणि 'मांजर' सोबतीला आले म्हणजे झालं.

शब्द किती यापेक्षा फेऱ्या किती

बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांचा 1995 चा अभ्यास फार गाजला. गरीब आणि सुस्थित घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत चार वर्षांच्या आत 3 कोटींचं अंतर पडतं, असा त्यांचा अंदाज होता. कुटुंबं अवघी 42 होती, आणि घरातल्या इतर माणसांचं आपसातलं बोलणं त्यांनी फारसं धरलं नव्हतं, म्हणून त्या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली. तरी त्या आकड्याने एक सवय लावून दिली: शिक्षक दिवसभर बोलत राहिला की मुलांची भाषा समृद्ध होते, असं समजायची.

रेचल रोमियो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. मेंदूच्या भाषेशी निगडित भागाची हालचाल मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा संवादाच्या किती फेऱ्या झाल्या याच्याशी जुळली. फेरी म्हणजे मूल काही म्हणतं, मोठा त्याला धरून उत्तर देतो, मूल पुन्हा काही म्हणतं.

आता वर्गाचा हिशेब करून पाहा. 25 मुलं, एक शिक्षिका, तीन तास. तिने दुसरं काहीही न करता प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचं ठरवलं, तरी एका मुलाच्या वाट्याला 7 मिनिटं येतात. प्रत्यक्षात निम्मा वेळ गाणी, रांगा, हात धुणं आणि खाणं यांत जातो. सगळ्यांना गोलात बसवून प्रश्नोत्तरं केली, की तीच तीन-चार धीट मुलं उत्तर देतात आणि उरलेली वीस दुसऱ्यांचं बोलणं ऐकतात. गोलात बसणं गाण्याला आणि गोष्टीला उत्तम. बोलायला शिकण्यासाठी ते फार महाग पडतं.

उपाय फार खर्चिक नाही. पाच-पाच मुलांचे पाच गट करावेत. रोज दोन गटांबरोबर प्रत्येकी दहा-बारा मिनिटं बसावं; बाकीची मुलं तेवढा वेळ ठोकळे, वाळू, चित्रं यांत रमलेली. पाच दिवसांत प्रत्येक गटाची पाळी दोनदा येते. भिंतीवर नावांचा तक्ता लावून, ज्या मुलाशी त्या आठवड्यात निदान चार फेऱ्यांचा एक तरी संवाद झाला, त्याच्यापुढे खूण करावी. शुक्रवारी कोरे राहिलेले रकाने बघितले, की बहुतेक वेळा शांत, गुणी, कुणाला त्रास न देणारी मुलं निघतात. हातावर हात ठेवून बसलेल्या मुलाबद्दल 'त्याचं काही म्हणणं नाही' असं आपण फार लवकर ठरवतो.

थांबणं

मेरी बड रो यांनी गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तशी उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. ही शाळेतली मुलं होती. तीन-चार वर्षांच्या मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, शब्द शोधायचे आणि जीभ वळवायची असते, त्यामुळे त्याला पाच सेकंद द्यावेत. घरची भाषा वेगळी असेल तर आणखी. मनात एक ते पाच मोजा, गुडघ्यावर बसून चेहरा मुलाच्या उंचीला आणा, भुवया किंचित उंचावलेल्या ठेवा आणि गप्प राहा. ही पाच सेकंदं सुरुवातीला खायला उठतात.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, दुसरं मूल मध्येच उत्तर देऊन टाकतं. त्याला आधीच सांगून ठेवावं, "आता हिची पाळी, मग तुझी." दोन, उत्तर येत नाही म्हणून शिक्षक प्रश्न वेगळ्या शब्दांत फिरवून विचारतो. मूल पहिल्या प्रश्नाच्या मध्यावर पोचलेलं असतं. नवं वाक्य आलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा विचारायचंच असेल तर अगदी त्याच शब्दांत विचारावं.

प्रश्नही बेताचेच हवेत. "हा रंग कोणता?" याचं उत्तर शिक्षकाला माहीत आहे, हे मुलालाही माहीत असतं. ती परीक्षा झाली, आणि एका शब्दात संपली. त्यापेक्षा एखादं विधान करून थांबा: "मला वाटतं, हा दगड तरंगेल." विरोध करायला मुलाला जे बोलावं लागतं, ते कुठल्याही प्रश्नाने काढता येत नाही. एका प्रश्नामागे दोन-तीन विधानं, हा अंदाज ठेवायला बरा.

वाक्य परत देताना

मूल म्हणतं, "गाडी पडला." यावर "पडला नाही, पडली म्हण" हे उत्तर सर्वांत सोपं आणि सर्वांत निरुपयोगी. मूल बातमी सांगत होतं. आपण बातमी बाजूला सारून तिचं शुद्धलेखन काढलं. पुढच्या वेळी ते सांगणार नाही. "हो की, गाडी पडली! वरच्या फळीवरून पडली." यात बातमी पोचल्याची पावती आहे, बरोबर रूप आहे आणि मुलाच्या वाक्यापेक्षा दोन शब्दांची भर आहे. भर तेवढीच हवी. दोन शब्द बोलणाऱ्या मुलाला चार-पाच शब्दांचं वाक्य पेलतं, बारा शब्दांचं डोक्यावरून जातं. आणि मुलाकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेऊ नका.

मराठीच्या बाबतीत इथे एक खास गोष्ट आहे. आपल्याकडे तीन लिंगं आहेत आणि ती बहुतेकदा नामाकडे बघून कळत नाहीत. 'पान' नपुंसकलिंगी आणि 'कान' पुल्लिंगी, हे कुठल्या नियमाने सांगणार? मुलाला ते कळतं आजूबाजूच्या शब्दांवरून: मोठं पान गळलं, माझा कान दुखला, नवी गाडी आली. चित्रांची कार्डं दाखवून 'पान, गाडी, कान' असं म्हणवून घेतलं, की ही सगळी माहिती गाळली जाते. विभक्तीचंही तेच. 'डबा' येणारं मूल 'डबात' म्हणतं, कारण 'डब्यात', 'डब्यावर', 'डब्याखाली' ही रूपं त्याने पुरेशी ऐकलेली नसतात. ती कार्डांतून कधीच भेटत नाहीत. खेळणी आवरताना मात्र दहा मिनिटांत वीस वेळा भेटतात: "तो चेंडू कोपऱ्यातल्या डब्यात टाक, आणि झाकण डब्यावर ठेव." आवराआवरीचा वेळ ही भाषेची खाण आहे, आणि बहुतेक वर्गांत तो "चला, पटापट!" यात संपतो.

एकच पुस्तक चारदा

गोष्टीचं पुस्तक एकदा वाचून बाजूला ठेवण्यात फारसं हशील नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटाने 1988 मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना मुलालाच सांगायला लावण्याची पद्धत शिकवली. चारच आठवड्यांत त्या मुलांची बोलण्याची भाषा, नेहमीच्या पद्धतीने तितक्याच वेळा वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली.

वर्गात हे असं करता येतं. सोमवारी गोष्ट फारशी न थांबता वाचा, म्हणजे तिची गोडी लागेल. मंगळवारी तीन-चार शब्दांपाशी थांबा. शब्द निवडताना मुलांना वस्तू माहीत आहे पण शब्द माहीत नाही, असे घ्या: डोकावणं, घुटमळणं, निसटणं, चाहूल. अर्थ मुलांच्या भाषेत सांगा, दारापाशी जाऊन खरोखर डोकावून दाखवा. बुधवारी चित्रांवर बोट ठेवून मुलांना सांगू द्या आणि त्यांचं वाक्य वर म्हटल्याप्रमाणे थोडं फुगवून परत द्या. गुरुवारी पुस्तक मुलांच्या हातात. तोच शब्द दिवसभरात इतरत्रही यायला हवा, "साबण हातातून निसटला बघ." गोष्टीतच राहिलेला शब्द गोष्टीबरोबर जातो.

ध्वनींचे खेळ वाचनाची पूर्वतयारी करतात, पण टाळ्या वाजवून शब्द फोडताना एक खड्डा आहे. 'पाणी'ला दोन टाळ्या, ठीक. 'कमळ' मात्र लिहिताना तीन अक्षरी आणि बोलताना 'क-मळ' असं दोनच तुकड्यांचं. 'माकड', 'बदक' तसेच. लिहिता येणाऱ्या शिक्षिकेला तीन टाळ्या हव्या असतात आणि कानाने ऐकणारं मूल दोन वाजवतं. मूल बरोबर असतं. सुरुवातीला वारा, चेंडू, गाडी, बाहुली अशा शब्दांवरच खेळावं.

घरची भाषा वेगळी असेल तर

दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, ही समजूत चुकीची आहे. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हे दोन्हींतला हाताशी आलेला शब्द वापरणं आहे. मोठी माणसंही तेच करतात. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. नव्या भाषेच्या वर्गात आल्यावर काही मुलं कित्येक आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात. त्यांच्याशी बोलत राहावं, बोट, मान, हात यांनी दिलेलं उत्तर स्वीकारावं. पालकांना "घरीही हीच भाषा बोला" असं सांगू नये. जी भाषा त्यांना मोडकीतोडकी येते तिच्यात ते कमी बोलतील, आणि मुलाचा सर्वांत श्रीमंत झरा आटेल. त्यापेक्षा शिक्षकानेच त्या भाषेतले दहा-पंधरा शब्द शिकावेत: पाणी, दुखतंय, शू, आई, ये, संपलं, आवडलं.

कधी थांबून चालत नाही

'मुलगे उशिराच बोलतात', 'घरात सगळेच उशिरा बोलले' असं म्हणत वर्ष घालवलं जातं. वर्षाचं होईपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःची दोन शब्दांची जोडणी नाही, तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांनाही कळत नाही, यांपैकी काही असेल तर तज्ज्ञाला दाखवावं. आलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर लगेच. दोन ते पाच वर्षांत शब्द अडखळणं मात्र पुष्कळ मुलांत येतं आणि बहुतेकांचं जातं. "नीट, हळू बोल" असं सांगू नये, वाक्य पुरं करून देऊ नये. आपणच सावकाश बोलावं. काही महिने टिकलं, किंवा बोलताना मुलाच्या चेहऱ्यावर ताण दिसू लागला, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावं.

सगळ्यात आधी श्रवणचाचणी. जन्मतः केलेली चाचणी चांगली आली असली तरीही, कारण सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचून ऐकणं कमी होऊ शकतं, आणि ते आज कमी, उद्या बरं असं बदलत राहतं. असं मूल वर्गात 'लक्ष देत नाही' म्हणून ओळखलं जातं. निदान होईपर्यंत त्याला जवळ बसवावं, बोलण्याआधी नाव घेऊन नजर मिळवावी. लहान मुलांना ऐकण्यासाठी शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण 15 डेसिबल वर असावा लागतो. कडक फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत तो असत नाही. सतरंज्या, पडदे, खुर्च्यांच्या पायांना रबर यांनी बराच फरक पडतो.

तज्ज्ञाकडे पाठवताना 'कमी बोलतो' एवढंच लिहून देऊ नये. आठवडाभर मुलाची दहा-पंधरा वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट टिपावीत. प्रत्येकापुढे तारीख, ते कुणाशी बोललं आणि तेव्हा काय चाललं होतं. घरची भाषा कोणती, तिथे किती बोलतं, हे पालकांना विचारून जोडावं. तपासणीच्या अर्ध्या तासात अनोळखी खोलीत मूल तोंडच उघडणार नाही कदाचित. तेव्हा तज्ज्ञाच्या हातात ती वाक्यंच असतील.